माऊस बाजूला ठेवा: सुगम्य वेबसाइटच्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

वेबसाइट बनवायच्या स्पर्धा पैशाला पासरी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांत ज्याची साइट जास्त चकचकीत, त्याचा नंबर पहिला. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९९८ साली सुरू झालेली ‘ॲक्सेसिबिलिटी इंटरनेट रॅली’ मात्र वेगळ्या वळणाची आहे. आद्याक्षरांवरून सगळे तिला ‘एअर’ म्हणतात. व्यावसायिक वेब डिझायनर आणि डेव्हलपर स्वयंसेवक म्हणून संघ करून येतात, प्रत्येक संघाला एक ना-नफा संस्था मिळते, तिच्यासाठी साइट फुकट बनवून द्यायची. ज्याला दिसत नाही, ज्याचा हात माऊसवर स्थिर राहत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याला भराभर वाचता येत नाही, त्याला ही साइट वापरता येते का, यावर गुण मिळतात.

सरकारी संगणकसेवा अपंग व्यक्तींना वापरता आल्या पाहिजेत हे सांगणारं कलम ५०८ अमेरिकेत १९९८ मध्येच कडक झालं. नियम आला, पण तो पाळायचा कसा हे वेबवाल्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. वर्गात बसवून शिकवण्यापेक्षा चुरस लावून शिकवू, अशी या स्पर्धेमागची युक्ती. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, शॅरन रश आणि सहकाऱ्यांची ‘नोबिलिटी’ ही संस्था उभी राहिली आणि स्पर्धा तिच्याकडे आली. मधल्या काळात तिचं नाव ‘ओपनएअर’ झालं, काम ऑनलाइन झालं आणि अमेरिकेबाहेरच्या संघांनाही दार उघडलं. त्यामुळे पुण्यात किंवा नाशकात बसूनही उतरता येतं. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी हे टिपण.

स्पर्धेची चाल

आधी नोंदणी, मग ऑनलाइन प्रशिक्षण, मग संस्थेशी जोडी, मग काही आठवडे काम आणि शेवटी परीक्षण. संघाला ॲक्सेसिबिलिटीतला, म्हणजे सुगम्यतेतला, एक जाणकार मार्गदर्शक म्हणून मिळतो. शुल्क, तारखा, संघात किती जण चालतात हे त्या-त्या वर्षीच्या पत्रकात असतं, ते नीट वाचा. प्रशिक्षण बुडवू नका. अनुभवी मंडळी हमखास तेच बुडवतात, कारण त्यांना वाटतं एचटीएमएल आपल्याला येतंच.

वेळेचं गणित आधीच करून ठेवा. ऑस्टिनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळी वेळेत आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात आणि तीच बैठक साडेआठवर येते. स्पर्धेचा काळ या बदलावरून गेला तर एखाद्याची बैठक चुकतेच.

संघ जमवताना

चार ते सहा माणसं पुरतात. कोड लिहिणारे दोन, डिझाइनचा एक, मजकूर सांभाळणारा एक आणि संस्थेशी बोलणारा एक. मजकुराचा माणूस लोक ‘नंतर बघू’ म्हणून टाळतात, मग आल्ट टेक्स्ट (चित्रात काय आहे हे सांगणारे, कोडमध्ये लिहायचे शब्द), शीर्षकं, लिंकचे शब्द हे सगळं शेवटच्या रात्री कोड लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडतं. माझ्या मते या स्पर्धेत मजकूरवाला हा डिझायनरपेक्षा मोलाचा गडी.

शक्य असेल तर रोज स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरणारी एखादी दृष्टिहीन व्यक्ती संघातच घ्या. ते जमलं नाही तर निदान चाचणीसाठी कुणाला तरी विनंती करा, आणि त्या वेळेचे पैसे द्या. संघ स्वयंसेवक आहे म्हणून चाचणी करणाऱ्यानेही फुकट राबावं असं काही नाही. बोलावणं पहिल्या टप्प्यातच गेलं पाहिजे. साइट पूर्ण झाल्यावर त्यांना दाखवली तर सापडलेल्या अर्ध्या अडचणी ‘आता वेळ नाही’ म्हणून तशाच राहतात.

संस्थेशी पहिली भेट

रंग कुठला आवडतो हे विचारू नका. तीन गोष्टी विचारा: साइटवर लोक नेमकं काय करायला येतात, तुमच्याकडे साइट कोण सांभाळणार, आणि तुमच्याकडचे फोटो, अहवाल, व्हिडिओ कुठल्या रूपात आहेत.

पहिल्या उत्तरावरून पानं ठरतात. देणगी देणं, स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवणं, केंद्राचा पत्ता आणि वेळ शोधणं, बहुतेक संस्थांचं काम इतकंच असतं. ही तीन कामं माऊसशिवाय आणि स्क्रीनशिवाय पार पडली की अर्धी लढाई जिंकलीत. दुसऱ्या उत्तरावरून तंत्र ठरतं. साइट सांभाळणारी व्यक्ती ऑफिसातलं इतर सगळं बघून आठवड्यातून एकदा एखादी बातमी टाकणार असेल, तर तिच्या हाती वर्डप्रेससारखं ओळखीचं साधन द्या. वर्डप्रेसच्या थीमच्या यादीत ‘ॲक्सेसिबिलिटी रेडी’ अशी खूण असलेल्या थीम वेगळ्या काढता येतात, सुरुवात तिथून करा. तुमच्या आवडीचं नवंकोरं फ्रेमवर्क तुमच्या परिचयपत्रात शोभेल, संस्थेच्या गळ्यात नको.

नियम किती वाचायचे

जगभर चालणारे नियम म्हणजे डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची ‘डब्ल्यूकॅग’ मार्गदर्शक तत्त्वं. पहिली आवृत्ती १९९९ ची, २.० आली २००८ मध्ये, २.१ आली २०१८ मध्ये आणि २.२ ऑक्टोबर २०२३ मध्ये. ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पायऱ्या आहेत, ध्येय डबल ए ठेवा. सगळं पहिल्याच आठवड्यात वाचून काढायचा हट्ट धरू नका, डोकं गरगरतं. आधी साइट बांधायला घ्या आणि फॉर्म करताना फॉर्मचे नियम, व्हिडिओ टाकताना व्हिडिओचे नियम असं वाचत चला. २.२ मधली एक भर मात्र आजच लक्षात ठेवा: बोटाने दाबायची जागा निदान २४ गुणिले २४ पिक्सेल हवी, किंवा शेजारच्या बटणापासून तेवढी मोकळी तरी. तळाशी चिकटून बसलेली सोशल मीडियाची चिमुकली चिन्हं इथेच नापास होतात.

आता माऊस काढून ठेवा

खरोखर काढा, वायर ओढून. लॅपटॉप असेल तर टचपॅड बंद करा. आता टॅब दाबत मुखपृष्ठावरून देणगीच्या फॉर्मपर्यंत जा. मागे यायला शिफ्ट आणि टॅब, लिंक उघडायला एंटर, बटणाला स्पेस किंवा एंटर, उघडलेली खिडकी बंद करायला एस्केप.

पहिला प्रश्न: आत्ता आपण कुठे आहोत हे दिसतंय का? निवडलेल्या लिंकभोवती ब्राउझर एक चौकट दाखवतो. डिझायनरांना ती डोळ्यात खुपते, म्हणून सीएसएसमध्ये एका ओळीत ती उडवलेली असते. ती परत आणा, हवी तर आपल्या रंगात जाड करून घ्या. दुसरा प्रश्न: मेनूतल्या वीस लिंका प्रत्येक पानावर ओलांडाव्या लागतात का? तसं असेल तर पानाच्या अगदी सुरुवातीला ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी लिंक द्या. तिसरा: पॉप-अप उघडल्यावर टॅब त्याच्या आतच फिरतो की मागच्या पानावर भटकायला निघून जातो? आणि पॉप-अप बंद केल्यावर तुम्ही होतात तिथेच परत येता का?

आपल्याकडच्या संस्थांच्या साइटवर ‘महत्त्वाची सूचना’ म्हणून आडवी सरकणारी पट्टी असतेच असते. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलणारं काहीही थांबवता आलं पाहिजे, असा नियम आहे. पट्टीला थांबवायचं बटण द्या, किंवा ती पट्टीच काढून तीन ओळींची स्थिर यादी ठेवा. संस्थेतलं कुणीतरी कुरकुर करेल. करू द्या.

कानाने साइट बघणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. विंडोजवर ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. फोनवर अँड्रॉइडचा टॉकबॅक आणि आयफोनचा व्हॉइसओव्हर आधीपासून असतातच.

एनव्हीडीए सुरू केल्याबरोबर तो बोलायला लागतो आणि थांबत नाही, नवखा माणूस घाबरतो. कंट्रोलची कळ दाबली की तो गप्प होतो, हे आधी शिका. दुसरं म्हणजे त्याच्या टूल्स मेनूत ‘स्पीच व्ह्यूअर’ आहे. तो जे बोलतो ते एका खिडकीत लिहूनही येतं, त्यामुळे वेग झेपला नाही तरी वाचता येतं. मग एवढ्या कळा पुरतात: एच म्हणजे पुढचं शीर्षक, के म्हणजे पुढची लिंक, एफ म्हणजे फॉर्मची पुढची चौकट, आणि इन्सर्ट व एफ ७ एकत्र दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंका किंवा शीर्षकं यादीत.

ती यादी उघडून बघाच. लिंकांच्या यादीत ‘अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा, येथे क्लिक करा’ असं आलं तर ऐकणाऱ्याने कुठे जायचं? ‘शिष्यवृत्तीची माहिती वाचा’ असं लिहिलं की प्रश्न मिटला. शीर्षकांची यादी तर अधिक महत्त्वाची. वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी घेत असते. लांबलचक पानावर हवं ते शोधायला आधी शीर्षकांवरून उड्या मारतो, असं सांगणारे त्यात दोन-तृतीयांशांहून अधिक असतात. तुमचं शीर्षक नुसतंच मोठं आणि ठळक केलेलं असेल, हेडिंगच्या टॅगमध्ये नसेल, तर त्यांच्या दृष्टीने ते शीर्षकच नाही.

आता देणगीचा फॉर्म. समजा, ‘तुमचं नाव’ हे शब्द चौकटीशेजारी दिसताहेत, पण लेबलच्या टॅगने चौकटीशी बांधलेले नाहीत. ऐकणाऱ्याला ऐकू येतं: ‘एडिट, ब्लँक’. पुढची चौकट: ‘एडिट, ब्लँक’. पुढची: पुन्हा तेच. यातलं नाव कुठलं, पॅन क्रमांक कुठला, रक्कम कुठली, सगळा अंदाजपंचे कारभार. लेबल बांधलं की तोच फॉर्म म्हणतो: ‘तुमचं नाव, एडिट, रिक्वायर्ड’. पुढची गंमत चूक झाल्यावर. चुकलेल्या चौकटीला नुसती लाल किनार आली तर ती न दिसणाऱ्याला समजत नाही आणि ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यालाही. ‘पॅन क्रमांकात दहा अक्षरं हवीत’ असं शब्दांत लिहा, तो संदेश कोडमध्ये त्या चौकटीशी जोडा, आणि फॉर्म पाठवल्यावर पहिल्या चुकीवर माणसाला नेऊन सोडा.

चित्रांच्या आल्ट टेक्स्टचा नियम नवख्यांना सोपा वाटतो आणि तिथेच गडबड होते. ब्रेल पुस्तकावर बोटं फिरवणाऱ्या मुलीचा फोटो ग्रंथालयाच्या पानावर असेल तर ‘संस्थेच्या ग्रंथालयात ब्रेल पुस्तक वाचणारी विद्यार्थिनी’ ठीक. तोच फोटो देणगीच्या बटणावर लिंक म्हणून बसवला असेल तर आल्ट हवं ‘देणगी द्या’. आणि मजकुरामागे नुसती शोभा म्हणून असेल तर आल्ट रिकामं ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर तो गाळून पुढे जाईल. रिकामं ठेवणं वेगळं आणि मुळात न देणं वेगळं. दिलंच नाही, तर लिंक असलेल्या चित्राच्या जागी फाइलचं नाव, म्हणजे ‘आयएमजी अंडरस्कोअर चार शून्य दोन एक’, असलं काहीतरी ऐकावं लागू शकतं.

भगव्यावर पांढरं

रंगांचा नियम आकड्यांत आहे म्हणून तो सोपा. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी उजळपणात निदान ४.५ ला १ इतका फरक हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १. वेबएम दर वर्षी दहा लाख मुखपृष्ठं तपासतं आणि त्यात सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच, फिकट अक्षरं.

आपल्याकडचं नेमकं उदाहरण घ्या. भगव्या बटणावर पांढरी अक्षरं ही आपल्या साइटची लाडकी जोडी. नेहमीचा भगवा, ज्याचा कोड एफएफ ९९३३, त्यावर पांढरं लिहिलं तर प्रमाण येतं जेमतेम २.१ ला १. साफ नापास. त्याच भगव्यावर काळं लिहा, प्रमाण ९.८ च्या पुढे जातं. रंग बदलला नाही, संस्थेची ओळख गेली नाही, फक्त अक्षरं काळी केली. करड्याचंही तसंच: पांढऱ्यावर ९९९ हा करडा २.८५ ला १ वर अडकतो, ७६७६७६ हा त्याहून गडद करडा ४.५४ मिळवून कसाबसा पास होतो.

मराठी मजकूर असेल तर

एअरमध्ये बहुतेक काम इंग्रजीत चालतं. पण हेच काम महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेसाठी केलंत, किंवा परदेशातल्या मराठी मंडळाच्या साइटला हात लावलात, तर काही गोष्टी कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाहीत.

पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ अशी नोंदवा. बऱ्याच साइटवर मजकूर मराठी आणि नोंद इंग्रजीची असते. मग इंग्रजी आवाज देवनागरीशी झटापट करतो किंवा अक्षरं गाळून पुढे सरकतो. हिंदीची नोंद असली तर मराठी हिंदीच्या वळणाने वाचली जाते. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ‘ईस्पीक एनजी’ या आवाज देणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठी आवाज आहे. यांत्रिक आहे, पण चाचणीला पुरतो. मध्येच इंग्रजी परिच्छेद आला तर त्या परिच्छेदाला वेगळी भाषा नोंदवा.

दुसरं दुखणं जुन्या फॉन्टचं. संस्थांचे अहवाल वर्षानुवर्षं डीटीपीवाल्याकडे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेले असतात. स्क्रीनवर अक्षरं मराठी दिसतात, आत मात्र रोमन चिन्हांचा काला. स्क्रीन रीडर तो कालाच वाचतो. अशा फाइलमधला एक परिच्छेद कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाका, लगेच कळेल. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मग कुणाला तरी मुद्रितशोधनाला बसवा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. स्कॅन केलेली पीडीएफ तर नुसता फोटो असते, तिच्यातला मुख्य मजकूर वेब पानावर आणा.

आणखी एक बारकावा. ब्राउझरमध्ये झूम ४०० टक्के करून पान बघा. बटणांची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकली असेल तर देवनागरीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. उंची मोकळी सोडा, ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर द्या.

टूल कुठे उपयोगी, कुठे नाही

वेव्ह, ॲक्स, क्रोममधलं लाइटहाउस ही सुगम्यतेच्या चुका आपोआप शोधणारी टूल, तिन्ही फुकट वापरता येतात, तिन्ही रोज चालवा. पण टूलला आल्ट टेक्स्ट आहे की नाही एवढंच कळतं, ते बरोबर आहे की नाही हे कळत नाही. लाइटहाउसमध्ये शंभर गुण मिळालेली साइट कीबोर्डवर अडकून पडू शकते.

‘एक ओळ कोड टाका, साइट आपोआप सुगम्य होईल’ म्हणणारी विजेट मात्र लांब ठेवा. अशाच दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये ‘ॲक्सेसिबी’ या कंपनीकडून १० लाख डॉलर भरून घेण्याचा आदेश मांडला. स्पर्धेच्या परीक्षकांना असली विजेट बघूनच कपाळावर आठ्या पडतात.

शेवटचा आठवडा आणि सुपूर्द करणं

शेवटच्या आठवड्यात नवं काही बांधू नका. देणगी, स्वयंसेवक नोंदणी आणि पत्ता-वेळ शोधणं ही वर सांगितलेली तीन कामं प्रत्येकाने एकदा कीबोर्डवर, एकदा एनव्हीडीएवर, एकदा फोनवर टॉकबॅक लावून करावीत. व्हिडिओंना कॅप्शन आहेत का पाहा. आपोआप येणारी कॅप्शन माणसाने वाचून दुरुस्त केल्याशिवाय ठेवू नका, नावांची तर पार वाट लागलेली असते. एखादी त्रुटी उरलीच तर लपवण्यापेक्षा साइटवरच्या सुगम्यता निवेदनात, म्हणजे साइट कितपत सुगम्य आहे हे सांगणाऱ्या पानावर, ती लिहा आणि अडचण आल्यास संपर्क कुणाशी करायचा तेही द्या.

संस्थेच्या माणसाला तासभर बसवून त्याच्याच हाताने एक बातमी आणि एक फोटो टाकून घ्या. तुम्ही दाखवलंत आणि त्याने मान हलवली, याला शिकवणं म्हणत नाहीत. कार्यक्रमाचं पोस्टर जसंच्या तसं चित्र म्हणून चढवायची सवय सगळ्यांना असते. तारीख, वेळ, जागा खाली अक्षरांत टाइप करायची, एवढं पक्कं करून घ्या. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर, पासवर्ड संस्थेकडे. निकालानंतर परीक्षकांचे शेरे आले की उरलेल्या दुरुस्त्या करूनच संघ मोडा.

इथल्या इथे करायची असेल तर

तारखा जुळत नसतील तर कॉलेजात किंवा कंपनीत अशीच छोटी स्पर्धा भरवता येते. मे महिन्याचा तिसरा गुरुवार ‘ग्लोबल ॲक्सेसिबिलिटी अवेअरनेस डे’ म्हणून २०१२ पासून पाळला जातो. जो डेव्हन आणि जेनिसन असुन्सिऑन यांनी तो सुरू केला, त्या निमित्ताने प्रायोजक पटकन मिळतो. पण आपल्या कॉलेजांत मेमध्ये परीक्षा आणि सुट्ट्या असतात. जानेवारीत करा आणि बक्षीस मेमध्ये द्या.

प्रायोजकाने ‘हे का करायचं’ विचारलं तर सांगायला दोन गोष्टी आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद होती. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी, केवायसीसाठी डोळे मिचकावून दाखवायच्या अटीवरून गेलेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. बँका आणि फिनटेक कंपन्यांना हे बरोबर समजतं.

परीक्षक मंडळात स्क्रीन रीडर वापरणारी आणि फक्त कीबोर्डवर काम करणारी, अशा दोन व्यक्ती तरी असाव्यात, आणि दिसण्याला एकूण गुणांच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका. गुणपत्रिका स्पर्धा सुरू होण्याआधीच सर्वांना वाटून टाका. सभागृहाला रॅम्प आहे का, आणि तो शेवटपर्यंत जातो का, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. निकालाच्या वेळी स्क्रीनवर जे दाखवाल ते निवेदकाने वाचूनही दाखवलं पाहिजे, आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला निदान महिनाभर आधी सांगून ठेवा, ऐनवेळी कुणी मिळत नाही.